हिरव्या गाडीचे अकरा दोष

१२ मार्च २००६, रविवार. शुगर लँड

मौनाचा सातवा दिवस. स्वरतंतूवरची गाठ मागच्या सोमवारी काढली. साधीच निघाली. पण सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, हा डॉ.बाईंचा हुकूम. कुजबुजसुद्धा नाही, ती म्हणे जास्त वाईट. खाकरायचं नाही.

ऑप.च्या आधी त्यांनी विचारलं होतं, "तुम्ही गाता का?" म्हटलं, नाही, भाषणं करतो. "मग माइक नसतो?" मी तोंड उघडायच्या आत सुमन म्हणाली, "असतो. यांचा त्याच्यावर विश्वास नाही."

पस्तीस वर्षं. ह्यूस्टनपासून न्यू जर्सीपर्यंत मराठी मंडळांची किती व्यासपीठं झाली, मोजलेली नाहीत. आता खिशात पिवळी वही आणि पेन. ऑफिसात फारसं अडत नाही, पाइपलाइनची गणितं ईमेलवर होतात. अडतं ते घरी. सु. म्हणते, लग्नानंतर पहिल्यांदा टीव्हीवरच्या बातम्या शेवटपर्यंत ऐकल्या.

पाडव्याचं माझं भाषण रद्द. बापट बोलणार. बापट!! कार्डांवर लिहून आणतो.

१८ मार्च, शनि.

बापटला शिडी हवी होती. रिचमंडच्या पुढे, पेकानच्या झाडांच्या रस्त्यावर कुणाचा तरी गराज सेल, घरातल्या जुन्या सामानाची विक्री. मला बळंच घेऊन गेला. "घरी बसून वहीत काय ओरडतोस, चल."

शिडी मिळाली. शिडीमागे ताडपत्री. ताडपत्रीखाली ती.

१९६९ची. दोन दारं, लांबलचक बॉनेट, आत आठ सिलिंडर. गडद हिरवा रंग होता असं म्हणायचं. टायर बसलेले. पुढच्या काचेवर आतल्या बाजूनं कोळ्यांचा संसार.

बापट म्हणाला, "मसल कार? तुला? मसल कुठेयत तुझ्याकडे?"

एकाहत्तर साल. आल्या वर्षी कॉलेजच्या खानावळीत ताटं धूत असे. दर शुक्रवारी संध्याकाळी असली एक गाडी रस्त्यावरून जायची आणि धुतलेल्या ताटांची चळत किणकिणायची. मी नुकताच सांगलीहून आलेला, डोकं समतेच्या पुस्तकांनी भरलेलं. शेजारी ताटं पुसणाऱ्या पोराला दर शुक्रवारी सुनवायचो, हा माज आहे, ही उधळपट्टी आहे. तोंड ते बोलायचं. छाती गाडी वळून दिसेनाशी झाल्यावरही थरथरत असायची. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सु.लाही नाही.

घर डॉरिस नावाच्या बाईंचं. सत्तरीपुढच्या. गाडी नवऱ्याची, अर्लची. तो गेल्याला दोन वर्षं.

१९ मार्च, रवि.

सु.ला वहीत लिहून दाखवलं. तिनं दोनदा वाचलं.

"मागच्या गणपतीत काय गर्जना केलीत? मोटारीनं माणसाचे पाय खाल्ले आणि शेजारही खाल्ला. माझी बहीण टाळ्या वाजवत उभी राहिली होती, आठवतं?"

लिहिलं: आठवतं.

"आणि ही गॅलनला किती देते?"

लिहिलं: दहा. उतारावर.

ती हसली नाही. मग हसली.

मत बदललेलं नाही. आजही बोलता आलं तर तेच भाषण करीन, आणखी जोरात. तेल कंपनीच्या पगारावर तेलाविरुद्ध बोलणारा माणूस आहे मी, मला विसंगती नवी नाही. पण आजवर तिचं समर्थन करत आलो. या वेळी समर्थन सापडत नाही. नुसती हवी आहे.

२४ मार्च, शुक्र.

उद्याची तयारी. बोलून भाव करता येणार नाही, म्हणून लिहून नेतो. गाडीचे दोष, क्रमवार. पायाखालचा पत्रा गंजून आरपार. इंजिन जाम, पंखा हातानं हलत नाही. मागचा उजवा पत्रा चेपलेला. सीटवर जळका डाग. डॅशबोर्डला तडा... अकरा झाले. शेवटी एक समारोपाचं वाक्य: ही गाडी नसून गाडीची आठवण आहे आणि आठवणींना बाजारभाव नसतो.

इंग्रजी झकास उतरलंय.

२५ मार्च, शनि.

घडलं तसं लिहितो.

बापट बरोबर. डॉरिसबाई गराजमध्येच होत्या. कागद दिला. त्यांनी चष्मा लावला आणि उभ्या उभ्या सगळा वाचला, बोट ओळीखालून फिरवत. मधेच परत वर गेल्या आणि एक ओळ पुन्हा वाचली. बापट आपला हसतोय: "माझ्या मित्राचं इंग्रजी फार सुंदर आहे, मॅडम."

त्यांनी कागदाची घडी केली. विचारलं, "हे तुमच्यापैकी कुणी लिहिलं?"

बापटनं विजेच्या वेगानं माझ्याकडे बोट दाखवलं.

"इतकं वाईट आहे सगळं, तर तुम्हाला ही कशाला हवीय?"

पेन उघडलं.  त्यांनी गराजचं दार हातानं खाली ओढून घेतलं. माझा कागद त्यांच्याजवळच राहिला.

परतताना बापट: "अरे नाना, भाव पाडायचा तर मालाला नावं ठेवावीच लागतात! मंडईत कुणी म्हणतं का, बाई, तुझी वांगी काय अप्रतिम आहेत?"

घरी सु.ला सांगितलं. ती म्हणाली, "मंडईतली बाई उलट दोन शिव्या घालते. तिला खेळ माहीत असतो. हिला कुठे माहीत होता?" थोड्या वेळानं पोळ्या लाटता लाटता: "आणि तिथे तोंडानं बोलता, ते हवेत जातं. तुम्ही तिच्या हातात दिलंत."

२६ मार्च, रवि.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. बारा-तेरा वर्षं झाली असतील. मंडळात एक बाई आल्या होत्या. मुलांची मराठी शाळा काढू म्हणाल्या, गाण्यांतून शिकवू. मी पुढचा वक्ता. म्हणालो, गाण्यांनी भाषा टिकत नाही, टाळ टिकतात. हॉल हसला. संध्याकाळी त्याच बाईंना हसून चहाचा कप नेऊन दिला. माझ्या लेखी खेळ संपला होता.

त्या बाई पुन्हा मंडळात आल्या नाहीत. मला वाटत होतं, दुसऱ्या गावी गेल्या असतील. आज सु.ला विचारलं. इथेच आहेत. दुकानात भेटतात तिला.

३० मार्च, पाडवा

मागच्या अंगणात गुढी उभी केली. तांब्या यंदा सु.नं घासला, मला चिंच वर्ज्य नाही असं लिहून दाखवलं तरी.

संध्याकाळी मंडळ. बापट सात मिनिटं बोलला. बरा बोलला. खरं तर चांगला बोलला.

आयुष्यात पहिल्यांदा शेवटच्या रांगेत बसलो. तिथे कुणी भाषण ऐकत नाही हा शोध लागला. घरांचे भाव, कुणाच्या मुलाला कुठल्या कॉलेजात, बटाटेवडे किती वाजता येणार. एक तरुण शेजारच्याला म्हणाला, "आज नानाकाका नाहीत ना, मग वेळेवर जेवण, यार." मी मागेच होतो. मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं.

१ एप्रिल, शनि.

एकटा गेलो. काल रात्रीपर्यंत माफीचे चार मसुदे केले आणि फाडले. प्रत्येकाला तिसऱ्या ओळीपासून टाळ्यांची जागा यायला लागे. शेवटी एवढंच: "आमच्याकडे भाव करताना मालाला नावं ठेवतात. माझी चूक झाली. मला ही गाडी मनापासून हवी आहे."

डॉरिसबाईंनी वाचलं. "तुम्ही त्या दिवशीही बोलला नाहीत. बोलता येत नाही?"

डॉक्टरांचं कार्ड दाखवलं, त्यावर मौन कधी संपणार त्या तारखा आहेत. त्या फक्त वरची ओळ वाचून थांबल्या. म्हणाल्या, "अर्लसुद्धा बोलायचा नाही. त्याला ऑपरेशन लागलं नव्हतं."

आत बोलावलं. बर्फाचा चहा. मग व्यवहार सांगितला, सरळ. डॅलसचा एक माणूस न बघताच घ्यायला तयार आहे. त्याला फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स हवाय, जाम असलं तरी चालेल, तो उघडून घेईल. बाकीचा सांगाडा भंगारात. "तुम्ही काय करणार?"

लिहिलं: अख्खी ठेवणार. अख्खी दुरुस्त करणार.

"इंजिन पंधरा-सोळा वर्षं जाम आहे."

लिहिलं: मला प्रयत्न करू द्या.

मेच्या अखेरीस त्या लेकीकडे ओक्लाहोमाला जाणार, घर विकायला काढलंय. तोवर दर शनिवारी यायचं. इंजिन हातानं एक पूर्ण फेरी फिरलं तर गाडी माझी, सांगितलेल्या किमतीला. नाही फिरलं तर डॅलस. "आणि यादी नको," म्हणाल्या.

८ एप्रिल, शनि.

आठही प्लग काढले. तिसरा तुटता तुटता वाचला. प्रत्येक भोकात पातळ तेल ओतलं. आता झिरपायला वेळ. यात हुशारीला वाव नाही.

डॉरिसबाई घडीची खुर्ची टाकून बसल्या. मांडीवर माझाच कागद! म्हणाल्या, "नंबर तीन. चेपलेला पत्रा. अठ्ठ्याहत्तर साली लेक रिव्हर्स शिकत होती, टपालपेटीवर घातली. अर्ल उतरला, पत्रा बघितला आणि म्हणाला, पेटी सरळ उभी नव्हती." नंबर चार, सीटवरचा डाग. अर्लचा भाऊ, सिगारेट हातात घेऊन झोपला. तो झोपू शकतोय म्हणून कुणी उठवलं नाही. युद्धावरून आल्यापासून त्याला झोप नव्हती.

"एक तुमच्याकडून राहिलं," म्हणाल्या. त्या बसायच्या त्या बाजूच्या खिडकीची काच फिरवायचा दांडा दुसऱ्या गाडीचा आहे. मूळचा त्यांच्याच हातात निघून आला होता, भांडताना.

मी कागद मागून घेतला. बारावा घातला.

तीन तास त्या बोलत होत्या. एरवी दुसऱ्या मिनिटाला मी त्यांचं वाक्य पुरं केलं असतं, आणि त्यांच्यापेक्षा बरं केलं असतं.

१५ एप्रिल, शनि.

क्रँकच्या, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या दांड्याच्या, बोल्टला लांब पाना लावून जोर दिला. ढिम्म. पुन्हा तेल. आज डॉरिसबाईंनी अर्ल त्यांना पहिल्यांदा कुठे भेटला ते सांगितलं. धान्याच्या गोदामात, वजनकाट्यावर. तो म्हणाला, बाई, काट्यावरून उतरा. वर्षभरात त्याचं सर्वांत लांब वाक्य.

१७ एप्रिल, सोम.

सहा आठवडे पूर्ण. नाकातून कॅमेरा. डॉ.बाई म्हणाल्या, "ई म्हणा."

म्हणालो. जड कपाट फरशीवरून सरकवावं तसा आवाज. माझा?

जखम छान भरलीय. रोज दहा मिनिटं बोलायचं, हळू. व्यासपीठ? त्यांनी खुर्ची जवळ ओढली तेव्हाच कळलं. सहा महिन्यांनी बघू. छोटी खोली, माइक. पूर्वीसारखं बहुतेक नाही. "बहुतेक" हा शब्द त्यांनी दयेनं घातला असावा.

गाडीत सु. वाट बघत होती. काय बोलावं, सबंध आठवडा ठरवत होतो. पहिला शब्द मोठा असावा असं वाटत होतं. तोंडातून निघालं, "चहा."

ती रडली. मग नाक पुसत म्हणाली, "एवढं करून चहाच?"

२२ एप्रिल, शनि.

बोलता येत असून वही घेऊन गेलो. डॉरिसबाईंना सांगितलं नाही.

का, ते लिहून काढतो. एक, आवाज असा फाटका कुणाला ऐकवावासा वाटत नाही. दोन, मी बोललो तर त्या थांबतील असं वाटतं. त्या मुक्या माणसाशी बोलतायत. तीन, गाडी.

तीनही खरी. तिसरं पहिलं लिहायला हवं होतं.

पाना लावला. नखभर हलल्याचा भास.

२९ एप्रिल, शनि.

हललं! भास नव्हे. आत कुठेतरी खट् झालं, त्यांनीही ऐकलं. खुर्चीतून उठून बॉनेटवर हात ठेवला. परत बसल्या. मग जे सांगितलं ते इथेही सगळं लिहिणार नाही. थोडक्यात.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात त्या एकदा संतापल्या. दर शनिवार-रविवार नवरा गाडीखाली. उभ्या राहून त्यांनी गाडीचा एकेक दोष त्याला सुनावला. पत्रा, डाग, तडा, दांडा. शेवटी म्हणाल्या, तू माणूस नाहीस, याच भंगाराचा एक भाग आहेस. अर्लनं पाना खाली ठेवला. हात पुसले, ताडपत्री घातली. त्यानंतर चौदा-पंधरा वर्षं जगला, पुन्हा कधी बॉनेट उघडलं नाही. इंजिन त्यामुळे जाम झालं.

"तुमची यादी वाचली तेव्हा माझंच बोलणं मला कुणीतरी लिहून आणून दिलंय असं वाटलं. लेकीलासुद्धा हे सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगितलं, कारण तुम्ही..." आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

माझ्या खिशात त्या दिवसाची दहाही मिनिटं शिल्लक होती. वहीत लिहिलं, "समजलं." तेवढंही तोंडानं नाही.

३ मे, बुध.

सु.: "सांगितलंत त्यांना?"

मान हलवली. नाही.

"पस्तीस वर्षं लोकांना स्टेजवरून सत्य सांगताय. एक बाई समोर बसली तर जमत नाही?"

बापट फोनवर: "आधी गाडी नावावर कर, मग बोल. चिडली तर डॅलसवाल्याला देईल. तू खोटं कुठे बोललास? तू तर बोललाच नाहीस!"

यावर माझं एक भाषण आहे. गप्प बसणं हेही खोटं बोलणं असतं, या विषयावर. पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी त्याची कॅसेट मागून नेली होती.

६ मे, शनि.

फिरलं. पूर्ण एक फेरी. मग दुसरी, मग सहज, लोण्यातून फिरावं तसं. आठ भोकांतून काळं तेल उडालं, माझा शर्ट गेला, डॉरिसबाईंच्या गालावर एक थेंब. त्यांनी तो पुसला नाही. टाळ्या वाजवल्या. एका माणसाच्या टाळ्या, गराजमध्ये. कुठल्याही हॉलपेक्षा मोठ्या वाटल्या आणि त्या घ्यायला मी लायक नव्हतो.

आत जाऊन त्यांनी गाडीचे कागद आणले. त्यांची सही झालेली. "तुमची इथे."

पेन हातात होतं. पेन तर नेहमीच हातात असतं. लिहिलं: पुढच्या शनिवारी करतो, चालेल?

"का?"

लिहिलं: एक काम राहिलंय.

त्या जरा गोंधळल्या. मग म्हणाल्या, "अर्लही असाच होता, घाई म्हणून नाही." हे ऐकून जास्तच लाज वाटली.

८ मे, सोम.

मुलाचा फोन, ऑस्टिनहून. सु.नं सगळं सांगितलेलं दिसतंय. "बाबा, जस्ट टेल हर. व्हॉट्स द वर्स्ट दॅट कॅन हॅपन?"

म्हटलं, गाडी जाईल.

"इट्स अ कार, बाबा."

हे वाक्य त्याला मीच शिकवलंय. लहानपणापासून.

१२ मे, शुक्र.

दहा मिनिटं आहेत. तीन आठवडे रोज बोलून आवाज थोडा बरा झालाय, पण वाक्याच्या शेवटी विरतो. जोर देऊ म्हटलं तर साफ बंद पडतो. म्हणजे परिणाम साधायची सगळी हत्यारं काढून घेतलेली.

मसुदा एक: विरामांसकट भाषण. फाडलं.

मसुदा दोन: त्यात मी कसा द्विधेत सापडलो याचं वर्णन होतं. फाडलं. तो समर्थनाचाच पाठ.

सु.ला उभ्यानं म्हणून दाखवलं: "डॉरिस, मला सतरा एप्रिलपासून बोलता येतं. तुम्ही अर्लचं सांगितलंत तेव्हाही येत होतं. मी लपवलं. गाडी कुणाला द्यायची ते तुम्ही आता पुन्हा ठरवा."

सु. कांदा चिरत होती. म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

"मग बरोबर आहे." आणि जरा वेळानं, "गाडी गेली तर घरी येताना कोथिंबीर आणा."

त्या शाळेवाल्या बाईंचा नंबर तिच्याकडून घेतला. तो या रोजनिशीच्या मागच्या पानावर आहे. एका वेळी एक.

१३ मे, शनि.

डॉरिसबाईंच्या घरासमोर. माझ्या रोजच्या गाडीत बसून लिहितोय, इंजिन बंद, काचा खाली. साडेनऊलाच उकडतंय. समोर पाटी लागलीय, घर विकलं गेलं. पेकानच्या सावलीत टेम्पोएवढा ट्रेलर उभा आहे, त्यावर डॅलसची पाटी नाही, कसलीच पाटी नाही. कुणाचा ते माहीत नाही. त्यांनी माझ्यासाठी मागवला असेल. किंवा नसेल.

पिवळी वही मुद्दाम घरी ठेवली. ही रोजनिशी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून उतरणार.

गराजचं दार वर चाललंय. आधी त्यांच्या चपला दिसल्या, मग हिरवं बॉनेट. ताडपत्री नाहीये, बॉनेट कुणीतरी धुतलंय. चहाचे दोन ग्लास हातात. मला बघून एक उंच केला.

घसा बसल्यासारखा वाटतोय. खाकरायचं नाही असं बजावलंय. तसाच जातो.